मागच्या चाकाला आवाज येतोय

हौशी : बप्पा, मागून आवाज आला की गाडी गॅरेजला लावायची आणि चार दिवस लोकांच्या गाडीवर मागं बसून फिरायचं, हे मला पटत नाही. बुलेट २००४ ची आहे, जुन्या लोखंडी इंजिनाची. चाळीसच्या वर गेली की मागं घरघर सुरू होते, साठला ती वाढते, त्याच्या पुढं इंजिनाच्याच दणदणाटात बुडून जाते. माझं म्हणणं एवढंच की काही न खोलता, न ठोकता, गाडी चालवता चालवता या आवाजाचं नऊ आणे मूळ हाती लागतं. उरलेले सात आणे चाक काढल्यावर. लोक आधी चाक काढतात आणि विचार मागाहून करतात.

साशंक : 'मागच्या चाकाचा' म्हणालास, तिथंच अर्धा निकाल देऊन मोकळा झालास. चाकाचाच कशावरून? तू बसणार सीटवर, कानात वारा, डोक्यावर हेल्मेट (असलं तर). खाली चेन, चेनचं कव्हर, ब्रेकचा ड्रम, स्विंग आर्मचे बुश, शॉकअप, मडगार्डाचे दांडे, वर तू बसवून घेतलेलं कॅरिअर. हे सगळं नट-बोल्टानं एकमेकांना जखडलेलं. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी पट वेगानं पळतो, त्यामुळं वाजतं एकीकडं आणि ऐकू येतं भलतीकडं. हबची बेअरिंगं बदलली तरी आवाज तसाच, चेन नवी टाकली तरी तसाच, असा माणूस मी बघितलाय. निघालं काय, तर चेनचं कव्हर आतून घासत होतं, त्याचा एक नट पडला होता म्हणून. तो नट कोणत्याही पत्र्याच्या डब्यात सापडला असता. आणि हा माणूस अडाणी नव्हता बरं का, तुझ्यासारखाच कान लावून ऐकणारा होता.

हौशी : मग त्यानं कान लावला, पण आवाजाला काही विचारलं नाही. आवाज कसा आहे, घरघर की खरखर की कुईकुई, यावर आपण फार वेळ घालवतो. खरं विचारायचं ते हे की आवाज कशाबरोबर बदलतो. पन्नासवर असताना क्लच दाबा, इंजिन मंद होऊ द्या. इंजिनाबरोबर आवाज खाली बसला तर मागच्या चाकाचं नावच काढू नका. तसाच राहिला, गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरत गेला, तर तो मागचा. अॅक्सिलरेटर पिळताना आणि सोडताना एकेकदा टक् होत असेल तर चेन सैल आहे, नाहीतर हबमधले कुशन रबर वाळून दगड झालेत. मागचा ब्रेक जेमतेम टेकवला आणि आवाजाची जात बदलली, तर लायनर बघा. आणि गाडी कलवून बघायची, तिथं लोक हमखास फसतात. कारवाले सांगतात, वळणावर आवाज बदलला की बेअरिंग गेलं. कारच्या चाकाला वळणावर बाजूनं ओढ बसते, म्हणून त्यांचं खरं आहे. मोटारसायकल वळताना स्वतःच कलते, भार चाकाच्या सरळ रेषेतच राहतो, बेअरिंगला बाजूचा ताण फारसा कळतच नाही. बदलतं काय, तर टायरचा कोणता भाग रस्त्याला टेकतोय ते. म्हणून बुलेट कलवल्यावर आवाज बदलला तर मी आधी टायरवर संशय घेईन.

साशंक : कलण्याचं बरोबर बोललास, तेवढं मी मानतो. पण क्लचच्या परीक्षेत एक भोक आहे. क्लच दाबला तरी गाडी पळतेय तोवर चेन फिरतेय, आणि चेन फिरतेय तोवर गिअरबॉक्सचा स्पॉकेट आणि तो ज्या बेअरिंगवर बसलाय ते, दोन्ही फिरतायत. म्हणजे आवाज 'मागचा' ठरला तरी तो तुझ्या पायाखालून येत असेल, चाकातून नाही. दुसरं, टायरचं तू ओझरतं बोललास, पण निम्मा घोळ तिथंच असतो. लांबच्या सरळ रस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो. तो सपाट टायर जुन्या डांबरावर गप्प असतो आणि सिमेंटच्या रस्त्याला लागला की घूंऽऽ करतो, कारण त्या रस्त्यावर पाणी थांबू नये म्हणून आडव्या खाचा मारलेल्या असतात. आता नांदूरघाट गावातून निघून हायवे गाठेपर्यंत डांबर किती वेळा लागतं, सिमेंट किती वेळा, आणि दोन्ही नसलेला रस्ता किती वेळा! माणूस सिमेंटवरून उतरतो आणि थेट मिस्त्रीकडं जातो, 'बेअरिंग गेलं वाटतं' म्हणून. मिस्त्रीही नाही म्हणत नाही.

हौशी : म्हणून मोजायचं, बप्पा. कानाला मोजमाप जोडलं की कान इतका लबाड राहत नाही. बुलेटच्या मागच्या टायरवर ३.२५-१९ लिहिलेलं असतं. त्या मापाच्या टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास भरतो. ताशी २० किलोमीटरला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला पावणेतीन फेऱ्या मारतं. आता ठोका मोजा. सेकंदाला जवळजवळ तीन ठोके पडत असतील तर जे काही आहे ते चाकाबरोबर एका फेरीत एकदा येतंय. टायरवरचा फुगा असेल, ड्रम अंडाकृती झाला असेल, रिम आऊट असेल, टायरमध्ये रुतलेला खडाही असेल. पण ठोका सेकंदाला एखादाच पडत असेल, तर चाक सोडा आणि चेन बघा. मागच्या स्पॉकेटला ३८ दात, चेनला नव्वदच्या आसपास कड्या. चेन एक पूर्ण फेरी मारते तोवर चाक जवळपास अडीच वेळा फिरलेलं असतं. एखादी कडी गंजून अडकली असेल तर ती प्रत्येक वेळी स्पॉकेटवर चढताना टचकते, आणि ते टचकणं चाकाच्या तालात बसत नाही. आणि ठोकाच नसेल, सलग घरघर असेल, तेव्हाच बेअरिंगचं नाव घ्यायचं. बेअरिंगमध्ये बऱ्याच गोळ्या, प्रत्येक गोळी खड्ड्यावरून जाणार, इतके ठोके कान वेगळे करू शकत नाही, त्याची घरघर होते. हे गणित तर कुणाच्या मर्जीवर नाही?

साशंक : गणित छान आहे. आता मला रस्ता दाखव, जिथं तू ताशी वीसनं एका लयीत दहा सेकंद चालशील. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं हॉर्न देणारी जीप, मधे खड्डा. आणि तुझा काटा तरी खरं सांगतोय का? जुन्या गाडीचा स्पीडोमीटर म्हणजे देवाक काळजी. काटा वीस दाखवतो तेव्हा गाडी सतरावर असू शकते, बावीसवरही. तीन ठोके आणि अडीच ठोके यांतला फरक तू त्या हालत्या गाडीवर कसा ओळखणार?

हौशी : तीन आणि अडीच नाही ओळखता येणार, पण तीन आणि एक ओळखता येतात. मला तेवढंच पाहिजे. आणि रस्ता नको असेल तर अंगण आहे. बुलेटला डबल स्टँड आहे, हे या गाडीचं मोठं सुख. गाडी डबल स्टँडवर घ्यायची, मागचं चाक अधांतरी. न्यूट्रल करून हातानं फिरवायचं. चाकाचा वरचा आणि खालचा भाग धरून हलवायचा, मग पुढचा आणि मागचा. खेळ दोन्हीकडं लागला तर बेअरिंग. एकीकडंच लागला तर दुसऱ्या माणसाला स्विंग आर्मच्या सांध्यावर बोट ठेवायला लावायचं. बोटाखाली हालचाल जाणवली तर चाक निर्दोष, बुश गेलेत. पान्ह्यानं एकेका स्पोकवर टिचकी मारायची, ४० स्पोक आहेत, घट्ट असलेला टिंग वाजतो, सैल झालेला थड्. ब्रेकचा नट पूर्ण सोडून चाक फिरवायचं, म्हणजे लायनर बाद होतात. शेवटी चेनची जोडकडी काढून चेन उतरवायची आणि चाक एकट्यानं फिरवायचं. आता त्या आवाजाला बेअरिंगशिवाय दुसरं घर उरत नाही. आणि चाक गप्प झालं, तर आवाज चेनचा होता.

साशंक : किंवा गिअरबॉक्सचा. किंवा कुणाचाच नव्हता, कारण अधांतरी चाकावर वजनच नाही. तू बसलास, मागं कुणी बसलं, कॅरिअरवर पोतं आलं, तर त्या हबवर दोन-अडीच क्विंटल येतात. बेअरिंगमधला खड्डा वजनाखाली बोलतो. अंगणात हातानं फिरवलं तर साठीतलं बेअरिंगही पंचविशीतल्यासारखं वागतं. त्यावर तू म्हणशील, चाक काढतो, बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवतो. बोटाला खडखड लागली तर ते गेलंय यात वाद नाही. पण बोटाला गुळगुळीत लागलं तर? बोटाचं वजन किती? आत डोकावून बघायचं तर ते हबमधून ठोकून बाहेर काढावं लागतं. ठोकायचं कुठं, तर आतल्या कड्यावर, दुसरी जागाच नाही. तो दणका गोळ्यांमधून बाहेरच्या कड्याला जातो आणि गोळ्यांचे वण उमटतात. म्हणजे चांगलं बेअरिंग तपासायला काढलं की ते वाईट झालं! मग ते परत बसवायचं नाही, फेकायचं. मला सांग, जी गोष्ट तपासली की टाकूनच द्यावी लागते, ती तपासायची कशाला? सरळ बदल की. म्हणून मी पहिल्यापासून म्हणतोय, जुन्या गाडीचा आवाज शोधत बसू नये. हबची दोन, ड्रमच्या बाजूचं तिसरं, कुशन रबर, लायनर, चेन, सगळं एका दमात नवं टाकावं आणि पाच वर्षं विसरून जावं.

हौशी : तुम्ही तिसरं बेअरिंग आठवणीनं धरलंत, बरेच मिस्त्री तेच विसरतात. चाक काढलं की हबमधली दोन समोर दिसतात. तिसरं ड्रमच्या बाजूला बसलेलं असतं आणि बुलेटची रचनाच अशी की चाक बाहेर येतं तेव्हा ड्रम, स्पॉकेट, चेन गाडीवरच राहतात. पंक्चर काढायला ही सोय फार भारी आहे. इंग्लंडमध्ये १९४९ ला आलेली ही गाडी, सैन्यासाठी भारतात आली, १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. तेव्हापासून या सोयीवर लोकांनी जीव लावलाय. पण सोय अशी की दिसतं ते बदललं जातं आणि झाकलेलं राहून जातं. आता तुमच्या 'एका दमात सगळं' याकडं येतो. चेनच्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे. चेन आणि स्पॉकेट एकमेकांना झिजवतात, एक जुना ठेवून दुसरा नवा टाकला की नवा महिन्यांत जुन्यासारखा होतो. त्यात या बुलेटचे मागचे दात ब्रेकच्या ड्रमवरच कोरलेले, दात गेले तर ड्रमच बदला. तिथं सेट टाकावाच लागतो. पण बेअरिंगचं आणि कुशनचं असं काही नातं नाही. एक गेलं म्हणून दुसरं काढायचं, हे मला दुरुस्ती वाटत नाही, भीतीची किंमत वाटते.

साशंक : भीतीची किंमत! बरं, तूच सांग, चेन गेली की नाही हे तू कानानं ठरवणार की डोळ्यानं?

हौशी : टेपनं. शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या लोखंडी टेपनं, कारण ती ताणली जात नाही. बुलेटच्या चेनची एक कडी पाच अष्टमांश इंच. म्हणजे सोळा कड्यांची लांबी नवी असताना बरोबर १० इंच. चेन खालून ओढून ताठ करायची, एका पिनच्या मध्यापासून मोजायला लागायचं, तिच्यापुढची सोळावी पिन कुठं येते ते बघायचं. दहाच्या पुढं दोन सूत गेली की चेनचे दिवस भरले. याला ना कान लागतो ना अनुभव, शाळेतलं पोरगं करील. आणि चार-पाच ठिकाणी मोजायचं, कारण चेन सगळीकडं सारखी ताणत नाही. एका ठिकाणी खालची चेन इंचभर हलते आणि चाक अर्धा फेरा फिरवलं की तिथंच ती सतारीच्या तारेसारखी ताठ होते. लोक ढिल्या जागेवर ताण काढतात, मग ताठ जागा आल्यावर चेन हबला आणि गिअरबॉक्सला दोन्हीकडून ओढते. बेअरिंगं त्यानं मरतात. म्हणून बेअरिंगनं आवाज केला तरी गुन्हा चेनचा असतो. तुम्ही बेअरिंग बदलाल, आवाज बंद होईल, तुम्ही जिंकलात. पाच-सहा महिन्यांनी तोच आवाज पुन्हा, आणि तुम्ही म्हणाल बेअरिंग डुप्लिकेट निघालं.

साशंक : डुप्लिकेट निघतातच, त्यात खोटं काय? चिंचवडला एवढा मोठा बेअरिंगचा कारखाना आहे म्हणून केजला दुकानात मिळणारं प्रत्येक खोकं तिथलंच असतं असं नाही. पण तुझा मुद्दा कळला. आवाज करणारा एक आणि करायला लावणारा दुसरा. हे मला मान्य आहे, आणि तुला मान्य होणार नाही ते सांगतो. हे खरं असेल तर तुझा कान तर अजूनच निकामी ठरतो. कान तुला आवाज करणाऱ्यापर्यंत नेईल, लावणाऱ्यापर्यंत नाही. चेन जास्त ताणलेली होती, ती आवाज करत नव्हती. चाक वाकडं बसवलं होतं, ते आवाज करत नव्हतं. गाडी धुणाऱ्यानं प्रेशरचा पाइप थेट हबवर मारला आणि सीलमधून पाणी आत गेलं, त्याचाही आवाज नव्हता. काळ्या मातीतून गाडी घातली, चिखल वाळून सीलच्या तोंडाशी करकचला, सील कापलं, तेही मुकाट्यानं. आणि उलटही होतं. बाजारात विकायला आणलेल्या जुन्या गाडीच्या हबमध्ये बचकभर ग्रीस कोंबतात, गाडी आठवडाभर मांजरासारखी चालते. त्या आठवड्यात तुझ्यासारखा कान लावून गाडी घेणारा पक्का फसतो.

हौशी : हे मी नाकारत नाही. आवाज म्हणजे निकाल असं मी म्हणतच नाही, आवाज ही फक्त सुरुवात. तुमच्या पद्धतीत मात्र सुरुवातच पुसली जाते. सगळं एकदम नवं टाकलं की काय गेलं होतं हे कधीच कळणार नाही. जुने भाग मिस्त्रीच्या भंगाराच्या टोपल्यात जातात आणि त्यांच्याबरोबर कारणही जातं. चाक वाकडं बसलेलं असेल तर नव्या सेटसकट ते वाकडंच राहील. बुलेटला चेन ताणायला दोन्हीकडं गोगलगाईसारखे कॅम आहेत, त्यांवर खाचा आहेत, दोन्हीकडं सारखी खाच मोजली की चाक सरळ, असं सगळे धरून चालतात. पण वीस वर्षांच्या गाडीचा स्विंग आर्म थोडा जरी मुरगळला असेल, तर खाचा सारख्या आणि चाक तिरकं. मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघायला दहा मिनिटं लागतात. स्पॉकेटच्या दातांच्या कुठल्या अंगाला चकाकी आलीय ते बघायला एक मिनिट. एका बाजूलाच चमकत असतील तर चेन तिरकी ओढतेय. ही दहा मिनिटं तुमचा 'एका दमात' वाला देत नाही, कारण नवे भाग बसले की त्याच्या लेखी काम संपलं.

साशंक : आणि बसवतो कसं, ते कुणी बघत नाही. त्यावर बोल की. बसवण्यातच बरीच बेअरिंगं मरतात. दोन बेअरिंगांच्या मधे हबमध्ये एक नळी असते. एक्सल आवळला की ताण त्या नळीवर यायला पाहिजे. नळी बसवायची राहिली, किंवा कुणी घासून आखूड केली, की एक्सलचा नट जितका आवळशील तितकी दोन्ही बेअरिंगं आतून चिरडत जातात. चाक हाताला जड लागतं, आणि मिस्त्री म्हणतो, 'नवं आहे, सुरुवातीला असंच लागतं.' बसवताना ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावर. आपल्याकडं छिन्नी घेऊन आतल्या कड्यावर, तेही एकाच बाजूला, बेअरिंग तिरकं होऊन अडकेपर्यंत. त्याच मापाचं जुनं बेअरिंग नव्यावर उलटं ठेवून त्याच्यावर ठोकलं तर काम होतं, पैसाही लागत नाही. एवढं करणारा मिस्त्री मिळाला तर मी त्याला सगळा सेट टाकायला सांगीन. नाही मिळाला तर तुझी तपासणी आणि माझा सेट, दोन्ही एकाच नाल्यात.

हौशी : मग आपलं भांडण आवाजाबद्दल उरलंच नाही, मिस्त्रीबद्दल झालं. आणि मिस्त्रीचं मला एवढंच सांगायचंय की आपण त्याला पैसे भागाचे देतो, निदानाचे देत नाही. त्यानं तासभर गाडी फिरवली, चेन मोजली, दोरी लावली आणि सांगितलं 'काही बदलू नका, कव्हरचा नट पडलाय', तर आपण त्याच्या हातावर किती ठेवतो? चहा पाजतो. तोच मिस्त्री तीन बेअरिंगं बदलून दिली की मजुरी घेतो. मग तो नट शोधील कशाला?

साशंक : आता तू खऱ्या ठिकाणी आलास. पण माझ्याकडूनही बघ. दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कोयता घेऊन माणसं सांगली, कोल्हापूरकडं कारखान्यांवर जातात. काहींची मोटारसायकल ट्रकमध्ये सामानासोबत जाते, काहीजण ती चालवत नेतात. नवरा-बायको, मधे लेकरू, वर पिशव्या. त्या माणसाला गाडी दोन दिवसांत पाहिजे असते. त्याला तू सांगणार का, 'आधी चेन बदलून आठ दिवस ऐकू, मग लायनर काढून बघू'? तुझी एक-एक करून बघण्याची रीत ज्याच्याकडं वेळ आहे त्याची रीत आहे. त्याच्याकडं फक्त दोन दिवस आणि उचलीतले थोडे पैसे आहेत. तो सगळं बदलतो, कारण न बदलण्याची चूक त्याला परवडणारी नाही. सांगोल्याच्या पुढं चेन तुटून चाकात अडकली तर तिथं त्याचा कोण आहे? ज्याला तू भीतीची किंमत म्हणतोस, ती त्यानं विचार करूनच मोजलेली असते.

हौशी : मोजतो खरं, पण नेमकी चुकीची गोष्ट घेतो. त्याच दोन दिवसांत टेप लावून चेन बघणं, दोरी लावणं, एक्सलच्या नळीकडं लक्ष देणं बसतं. वेळ नाही म्हणून तपासणी सोडायची आणि पैसे मात्र सगळ्या भागांचे द्यायचे, यात त्याचा फायदा कुठं? बरं, बेअरिंग लागणारच असेल तर त्याचा आकडा तरी त्याला माहीत पाहिजे. ६२०३ असं कोरलेलं असेल तर भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४०, जाडी १२. शेवटचे दोन आकडे ०४ असले तर पाचनं गुणायचं, भोक २० मिलिमीटर. पुढं 'झेडझेड' म्हणजे दोन्हीकडं पत्र्याची झाकणं, 'टूआरएस' म्हणजे दोन्हीकडं रबरी सील. आपल्या चिखलासाठी रबरी सील बरं. हा आकडा घेऊन मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेलं तरी ते मिळतं, पाण्याच्या मोटारीत असलीच बेअरिंगं असतात. गाडीचं नाव सांगितलं की एक भाव आणि आकडा सांगितला की दुसरा भाव, हे तुम्हाला मी सांगायला नको.

साशंक : हे सगळं त्याला कळावं, असं तू म्हणतोस. कळलं तर उत्तमच. पण मी तुला तुझ्यापुरतं विचारतो. तुझी गाणगापूरची वारी ठरलीय. येरमाळ्यावरून तुळजापूर, पुढं अक्कलकोट. तुझं निदान झालेलं आहे, मनात तू ठरवलंस की घरघर बेअरिंगची नाही, टायर मधोमध सपाट झालाय त्याची आहे. सिमेंटवर वाढते, डांबरावर कमी होते, कलवली की बदलते. सगळ्या खुणा टायरच्या. त्या निदानावर तू असाच निघशील?

हौशी : एकटा असलो तर निघेन. टायर गुळगुळीत झालेला नाही, नुसता सपाट आहे, वारीपुरता चालेल. परत आल्यावर बदलेन.

साशंक : आणि वहिनी मागं बसणार असल्या तर?

हौशी : मग निघायच्या आधी टायरही बदलेन, आणि बेअरिंगही बदलून घेईन. तिन्ही.

साशंक : का? निदान तर टायरचं आहे म्हणालास. मागं माणूस बसलं म्हणून बेअरिंग आजारी पडतं का?

हौशी : मागं माणूस बसलं की वजन वाढतं, हे तुम्हीच म्हणालात.

साशंक : वजनाचं सोडून दे. वजन वाढून पंचवीस टक्के धोका वाढला असेल, तू खबरदारी तिप्पट केलीस. मला तुझं उत्तर पाहिजे.

हौशी : खरं सांगायचं तर माझ्या निदानावर माझा जितका भरवसा आहे, तितका मी दुसऱ्याच्या जिवावर लावणार नाही. ऐंशी टक्के खात्रीवर मी स्वतः बसतो. तिच्यासाठी ऐंशी पुरत नाही.

साशंक : म्हणजे तुझ्यासाठी तुझी पद्धत आणि बायकोसाठी माझी. आणि कारखान्यावर जाणारा तो माणूस, त्याच्या मागं बायको रोजच बसते. मग त्याला माझी पद्धत का लागू नये, हे तुला सांगता येईल का?

हौशी : लागू करायला हरकत नाही, बप्पा. पण मग माझीही सोडायची नाही. बेअरिंगं बदलायची आणि बदलताना काढलेली जपून ठेवायची, एकेक कापून बघायची, खड्डा पडलाय का. खड्डा नसेल तर पैसे फुकट गेले, पण पुढच्या वेळी कान थोडा शहाणा होईल. खड्डा असेल तर माझं टायरचं निदान खोटं होतं, तेही कळेल. तुमच्या रीतीत ही बेअरिंगं भंगारात जातात, तेवढंच मला खुपतं.

साशंक : कापणार कशानं?

हौशी : ग्राइंडर आहे वेल्डिंगच्या दुकानात. डोळ्यावर चष्मा लावून, बाहेरचं कडं दोन ठिकाणी कापलं की उघडतं.

साशंक : कापून खड्डा नाही निघाला, तर पुढच्या वेळी तू बदलणार नाहीस. आणि पुढच्या वेळी असेल तर?

हौशी : ते मला आत्ता सांगता येत नाही. पण चेन उद्या सकाळी उतरवतो. तुम्ही टेप आणा, लोखंडी.

साशंक : टेप आणतो. पण बेअरिंगांचा आकडा आजच फोन करून केजला सांगून ठेव. चेन दहा इंच भरली तरी सांगून ठेव.